पाणी धरून ठेवणारे अंडे

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये लहान मुलांना, आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना गरम भातावर घालून जो मऊ पदार्थ आवडीने दिला जातो, त्याच्या चिनी नावाचा शब्दशः अर्थ ‘वाफवलेले पाणी-अंडे’ असा होतो. कृती नावातच आहे. २ अंडी हलक्या हाताने फेटायची, त्यांच्या दीडपट ते दुप्पट कोमट पाणी व चिमूटभर मीठ मिसळायचे, मिश्रण गाळून उथळ वाडग्यात ओतायचे आणि वाफवायचे. वरून सोया सॉस, थोडे तिळाचे तेल आणि चिरलेली कांद्याची पात. इतकी साधी कृती असूनही हा पदार्थ पहिल्या खेपेला सहसा बिघडतो, आणि तो का बिघडतो हे समजून घेणे मला तो खाण्याइतकेच आनंदाचे वाटते.

अंड्यात प्रथिने जेमतेम साडेबारा टक्के असतात. दुप्पट पाणी घातल्यावर ती चार टक्क्यांच्या आसपास उरतात, तरीही सगळे मिश्रण घट्ट होते. प्रथिनांचे रेणू मुळात गुंडाळलेल्या दोऱ्यांसारखे असतात; उष्णतेने ते उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांच्या जाळीत पाणी कोंडले जाते. पाणी जास्त असले की रेणू एकमेकांपासून दूर पडतात, म्हणून जाळी विणली जाण्यासाठी तापमान अधिक लागते. मिठामुळे रेणूंवरील समान विद्युतभारांचे परस्परांना दूर लोटणे कमी होते आणि ते जवळ येऊ शकतात. चिकाचा खरवसही असाच वाफेवर प्रथिनांच्या जाळीने धरतो. पहिल्या दिवसाच्या दाट चिकात दूध अधिक घालणाऱ्या आपल्या घरांतल्या बायका हेच प्रमाण हाताच्या अंदाजाने सांभाळत आल्या आहेत.

खरी अडचण वाफेची आहे. १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते, आणि ती सगळी थंड वाडग्याला मिळते. झाकण घट्ट लावून आच मोठी ठेवली, तर कडेचे मिश्रण मध्यभाग धरण्याआधीच १०० अंश सेल्सिअसजवळ पोहोचते. तेथे जाळी आवळत जाते, आतले पाणी पिळून निघते आणि बुडबुड्यांची भोके पडून मधाच्या पोळ्यासारखा पोत तयार होतो. माझा पहिला वाडगा नेमका असाच झाला होता: कडा स्पंजासारख्या, मध्यभाग पातळ आणि तळाशी पिवळसर पाणी.

यावरचा चिनी घरगुती उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. झाकणाखाली एक चॉपस्टिक आडवी ठेवून फट राखायची. फटीतून हवा आत शिरते, आणि हवामिश्रित वाफ १०० अंशांपेक्षा कमी तापमानावर वाडग्याला तापवते. आपल्या मोदकपात्राचे झाकण किंचित कलते ठेवूनही हे साधते. झाकणावरून ठिबकणाऱ्या पाण्याने पृष्ठभागावर खळगे पडू नयेत म्हणून वाडग्यावर एक ताटली ठेवावी आणि मिश्रणावरचा फेस आधीच चमच्याने काढून टाकावा. पाणी उकळून कोमट केलेले घेतात, कारण उकळल्याने त्यात विरघळलेली हवा बरीचशी निघून जाते.

मंद आचेवर १० ते १२ मिनिटांनी वाडगा हलवून पाहावा. मध्यभाग थरथरत असेल, पण लाट उठत नसेल, तर आच बंद करावी; उरलेले काम वाडग्यातली उष्णता करते. पाच मिनिटांनी पहिला चमचा काढला की पडलेल्या खळग्यात सोया सॉस उतरतो. तो गडदच राहिला, त्याच्याभोवती पाणी सुटले नाही, तर जाळीने आपले पाणी धरून ठेवले आहे.