एकच प्रीसेट लावला की अख्खा अल्बम एकसारखा होतो?

‘लग्नाचे सगळे फोटो निवडा, एक प्रीसेट लावा, अल्बम एकसारखा!’ वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरणारा हा सल्ला निम्माच खरा आहे. प्रीसेट म्हणजे जतन केलेल्या एडिटिंग सेटिंग्जचा संच. तो सगळ्या फोटोंवर सारखीच प्रक्रिया करतो, त्यामुळे मुळातला फरक तसाच उरतो. दांडिया बाजारातल्या मंगल कार्यालयात पिवळ्या दिव्यांचा उजेड साधारण ३००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर), तर बाहेर सावलीत ७००० च्या आसपास. त्यात कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून आपोआप होणारी रंगदुरुस्ती) फोटोगणिक आपला अंदाज बदलतो.

पडताळून बघा. अंतरपाटाचे दोन फोटो घ्या, एक दिव्याखालचा, एक खिडकीजवळचा. प्रीसेट लावून लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या कापडावर कर्सर न्या (कुंकवाचं स्वस्तिक टाळून). हिस्टोग्राम या आलेखाखालचे लाल, हिरवा, निळा हे आकडे जवळपास सारखे असतील तर कापड पांढरं. निळा बराच मागे पडला तर पिवळट.

म्हणून आधी उजेडाप्रमाणे गट पाडा. प्रत्येक गटातल्या एका फोटोचा व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) नीट करून त्याच सेटिंग्ज तेवढ्याच गटाला सिंक करा, म्हणजे लागू करा. प्रीसेट त्यानंतर, आणि त्यात व्हाइट बॅलन्स नोंदलेला नसावा, नाहीतर व्हाइट बॅलन्सची केलेली दुरुस्ती पुसली जाईल. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असतील तर काम हलकं. जेपेग या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये रंग आधीच मुरलेला असतो, तो पूर्ण निघेलच असं नाही.