गोल्फ स्पर्धेत मार्शल व्हायचंय? नागपूरकरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची माहिती

जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच बघणाऱ्या माणसाला गोल्फची शांतता आधी अंगावर येते. खेळाडू बॉलसमोर उभा राहिला की शेकडो प्रेक्षक एकदम गप्प होतात. ही शांतता राखणारे, हात वर करून दोरीपाशी उभे असलेले लोक म्हणजे मार्शल. ते बहुतेक बिनपगारी स्वयंसेवक असतात आणि त्यांच्यात गोल्फ न खेळणारेही असतात. नागपूरहून कोणी अर्ज का करत नाही, असं मला सारखं वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

यासाठी कुठलीही सरकारी परीक्षा किंवा परवाना लागत नाही. प्रत्येक स्पर्धेचे आयोजक आपापले नियम ठरवतात, त्यामुळे अर्ज त्या स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा यजमान क्लबकडूनच करायचा. आपल्याला सोयीच्या मोठ्या स्पर्धा दिल्लीकडे होतात. १९६४ साली सुरू झालेली इंडियन ओपन २०२४ मध्ये २८ ते ३१ मार्चला आणि २०२५ मध्ये २७ ते ३० मार्चला गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली, ती टॉमी फ्लीटवूडने जिंकली. मार्चअखेर म्हणजे परीक्षांचे दिवस, हे कॉलेजच्या मुलांनी आधी बघावं.

वयाची अट साधारण १८ पूर्ण अशी असते. खरी कसोटी पायांची. एका पाळीत पाच-सहा तास उन्हात उभं राहावं लागतं, तेव्हा गुडघे कुरकुरत असतील तर अर्जात तसं लिहा आणि दुसरं काम मागा. ऊन नागपूरकराला नवीन नाही, पण सावली नसलेल्या हिरवळीवर टोपी आणि पाणी लागतंच. स्पर्धा सहसा गुरुवार ते रविवार चालते. तुम्ही किती दिवस देऊ शकता, हा अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना. शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवे असतात. गुरुवार-शुक्रवारही देणारा माणूस आयोजकांच्या जास्त उपयोगाचा, कारण पहिल्या दोन दिवशी सगळेच खेळाडू मैदानात असतात. नंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाहेर होतात, आणि संख्या कमी होते.

कागदपत्रं फार नसतात. आधार किंवा पासपोर्टसारखं फोटो ओळखपत्र, नुकताच काढलेला फोटो, मोबाइल नंबर, ईमेल, घरच्या एका माणसाचा आपत्कालीन नंबर आणि टी-शर्टचं माप एवढ्यात बहुतेक काम होतं. सोबत जबाबदारीचं घोषणापत्र सही करून द्यावं लागतं. ते वाचून सही करा, उडत्या बॉलचा धोका त्यात लिहिलेला असतो. नावाच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. माझ्या पहिल्या अर्जात वडिलांचं नाव राहिलं, आधारवर ते होतं, आणि पासच्या खिडकीवर माझी अर्धी सकाळ गेली. चारित्र्य पडताळणी मागितली, तर महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नोकरी असेल तर रजा आधी मंजूर करून घ्या. कॉलेजच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाच्या १२० तासांत हे काम धरतील असं गृहीत धरू नका, कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा.

पैशांचं एक नीट समजून घ्या. परदेशातल्या काही स्पर्धांमध्ये स्वयंसेवकांकडून गणवेशाच्या किटचे पैसे घेतात, आणि ते अर्जावर उघड लिहिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी निवड पक्की करून देतो म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका.

निवड झाल्यावर प्रशिक्षण होतं, ते चुकवू नका. बॉल कुठे पडला ते बघून हाताने दिशा दाखवायची, पण बॉलला हात लावायचा नाही. हरवलेला बॉल शोधायला खेळाडूला ३ मिनिटं मिळतात, २०१९ पूर्वी ५ मिळायची, म्हणून मार्शलची नजर खेळाडूच्या फार कामाची असते. शोधताना चुकून तुमच्या पायाने बॉल हलला तरी खेळाडूला दंड नाही, बॉल मूळ जागी ठेवतात. घाबरू नका, लगेच सांगा. नियमाचा प्रश्न आला तर आपण निकाल द्यायचा नाही, रेफरीला बोलवायचं. भोंग्याच्या खुणा पाठ करा: एक लांब भोंगा म्हणजे विजेसारख्या धोक्यामुळे खेळ तात्काळ बंद, तीन भोंगे म्हणजे साधी थांबवणूक, दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. एक लांब भोंगा ऐकू आला की प्रेक्षकांना उंच झाडांखाली थांबू देऊ नका.

प्रवास आणि राहण्याचा खर्च बहुधा आपलाच. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि निवडीचा मेल कधी त्यानंतर येतो. तिकीट आधी काढून ठेवा. नकार आला तर लगेच रद्द करा, गाडी सुटायच्या जितकं आधी रद्द कराल तितके कमी पैसे कापले जातात.