ॲल्युमिनियम मिश्रधातूंची हीट ट्रीटमेंट

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे बळ तापवून, झटकन थंड करून आणि पुन्हा मंद तापवून वाढवण्याची प्रक्रिया. बळ वाढले की वाकण्याची क्षमता घटते. त्यामुळे पत्रा कोणत्या टप्प्यावर वाकवायचा हे आधी ठरवावे लागते. वेळाने बळ वाढण्याचा हा गुण जर्मनीत धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना 1906 मध्ये आढळला. मिश्रधातूंना त्यांतल्या घटकांनुसार चार अंकी क्रमांक देऊन मालिका पाडल्या आहेत; ही प्रक्रिया मुख्यतः 2000, 6000 व 7000 मालिकांना लागू पडते. 5000 मालिकेतल्या 5052 सारखा पत्रा थंड रोलिंगनेच, म्हणजे न तापवता रोलरखाली दाबूनच, कडक होतो.

6061 मध्ये मॅग्नेशियम व सिलिकॉन असते. सुमारे 530° से. तापमानाला ते ॲल्युमिनियममध्ये विरघळतात आणि पाण्यात बुडवल्यावर (क्वेंचिंग) तसेच अडकून राहतात. नंतर 175° से. ला सुमारे 8 तास किंवा 160° से. ला 18 तास ठेवल्यास (एजिंग) त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि धातूचे थर एकमेकांवरून सरकणे अवघड होते. मऊ ‘ओ’ अवस्थेत ताणबल सुमारे 125 मेगापास्कल असते, टी4 मध्ये (क्वेंचनंतर खोलीच्या तापमानालाच कडक झालेला) 240 आणि टी6 मध्ये (क्वेंचनंतर तापवून एजिंग केलेला) 310. एजिंग लांबले तर कण जाड होऊन बळ पुन्हा उतरते.

बहुतेक माल बिघडतो तो क्वेंचिंगमध्ये. भट्टीतून टाकीपर्यंत 2 मिमी पत्र्याला 10 सेकंदांहून जास्त लागू नयेत. 400 ते 290° से. हा पट्टा हळू ओलांडला तर कण अवेळी सुटतात आणि पुढच्या एजिंगला काही उरत नाही. टाकीचे पाणी बुडवण्यापूर्वी 38° से. च्या आत हवे. ठाण्यातल्या मे महिन्यात, लागोपाठ बॅच बुडवताना, पाणी फिरते व थंड ठेवावेच लागते. पावसाळ्यात ओला माल भट्टीत घातल्यास वाफेतला हायड्रोजन धातूत शिरून पृष्ठभागावर फोड येतात. म्हणून माल आधी पूर्ण वाळवावा.

टी6 पत्रा प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर) लहान त्रिज्येत वाकवला की बाहेरच्या बाजूला चिरतो. योग्य क्रम असा: क्वेंच, बेंडिंग, मग एजिंग. क्वेंचनंतर धातू खोलीच्या तापमानालाही कडक होऊ लागतो. 6061 चे काम एक-दोन तासांत उरकावे. 2024 या मिश्रधातूला अर्धा तासही जास्तच. नवी मुंबईतल्या रबाळ्यात क्वेंच करून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बेंडिंग करायचे असेल, तर ऐरोलीच्या वाहतुकीत ही मुदत सहज संपते. पत्रा बर्फात ठेवून न्यावा किंवा दोन्ही कामे एकाच आवारात करावीत. 6061 टी4 स्थितीतही बऱ्यापैकी वाकतो, मात्र त्रिज्या मोठी धरावी.

टी6 भागाला वेल्डिंग केल्यास सांध्यालगतचे ताणबल 165 मेगापास्कलच्या आसपास उतरते. आरेखनात हाच आकडा धरावा.