याडी, पालु आणि निरर्थक शब्दांची यादी

मराठवाड्यातला मानसशास्त्राचा एखादा प्राध्यापक स्मरण आणि भाषाशिक्षण यांवर काम करायला बसला, की अडतो तो निरर्थक शब्दांपाशी. अर्थ नसलेले शब्द पाठ करवून स्मरण मोजायची ही रीत जर्मनीतली. तिथल्या हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने आपले प्रयोग १८८५ साली छापले. प्रयोग करणारा तोच, पाठ करणाराही तोच. ओळखीच्या शब्दाला जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात, म्हणून त्याने सुमारे २,३०० अर्थहीन अक्षरगट बनवले. ते घोकायचे, मध्ये वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते मोजायचे. बारा अक्षरगटांची ओळ एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळांतच साधले. तिन्हीसांजेला रोज परवचा म्हणायला बसवणाऱ्या आपल्या आज्यांना हे आकडे ठाऊक नव्हते, एवढेच.

भाषेशी धागा जुळला तो पुष्कळ नंतर. १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातल्या कामापुरते मनात धरून ठेवणाऱ्या स्मरणाची, कल्पना मांडली. तिचा एक भाग ऐकलेला आवाज मनात घोळवत ठेवतो. एका इटालियन बाईचा हाच भाग मेंदूच्या विकाराने निकामी झाला होता. बोलणे मात्र शाबूत. १९८८ च्या अभ्यासात तिला इटालियन शब्दांच्या जोड्या पाठ झाल्या, पण ऐकवलेले रशियन शब्द काही केल्या बसेनात. म्हणजे अनोळखी शब्द शिकायला हा भाग लागतो. पुढे तोच तपासायला मुलांना निरर्थक शब्द ऐकवून परत म्हणायला लावण्याची चाचणी रूढ झाली.

आता ही चाचणी इकडे आणा. मराठी यादीत 'पालु' निरर्थक ठरेल. देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू घरात पालु म्हणजे दूध. 'याडी' म्हणजे तर बंजारा तांड्यावरच्या लेकराची आई! त्याच्यापुरती ती चाचणी स्मरणाची उरतच नाही. उमरगा-उदगीरकडे कन्नड, शहराच्या मोहल्ल्यांत दखनी. निजामी अमलात तर मराठी घरांतल्या अनेकांचे पुढचे शिक्षण उर्दूत झाले. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचेच होते. आज गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारे पोर पहिलीत प्रमाण मराठी कानाने गोळा करते, आणि गुरुजी म्हणतात, 'याच्या लक्षातच राहत नाही.' खोट स्मरणाची की भाषेच्या अनोळखीपणाची, हे त्या शेऱ्यावरून कळायला मार्ग नाही.

म्हणून यादी पक्की करण्याआधी ती निदान पाच घरांत वाचून दाखवावी लागते, आणि कोणते लेकरू कुठल्या शब्दाला हसते ते टिपून घ्यावे लागते.