मुखातील लिम्फोमा

हिरडी, टाळू, जीभ, गालाची आतली बाजू किंवा जबड्याचे हाड येथे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींपासून होणारा कर्करोग. बहुतेक रुग्णांत तो नॉन-हॉजकिन (हॉजकिन लिम्फोमा सोडून इतर) प्रकारचा असतो. त्यातही बी-पेशींचा (लिम्फोसाइटचा एक प्रकार) विसरित बृहत्पेशी लिम्फोमा (डिफ्यूज लार्ज बी-सेल) अधिक.

‘मुखातील’ कशाला म्हणावे, यावर मतभेद आहेत. टॉन्सिल, जिभेचे मूळ व नाकामागील घसा यांतील लसीका ऊतींच्या (लिम्फोसाइट साठणाऱ्या ऊतींच्या) कड्याला शरीररचनातज्ज्ञ व्हाल्डायर यांचे नाव आहे. १९७१च्या अ‍ॅन आर्बर वर्गीकरणाने (लिम्फोमाचा प्रसार टप्प्यांत मांडणारी पद्धत) हे कडे लसीका ऊतींत धरले. काही अभ्यासक तिथला रोग लसीकाग्रंथींबाहेरचा मानतात. म्हणून निरनिराळ्या अभ्यासांतील प्रमाणे जुळत नाहीत. कडे वगळून हिरडी, कठीण टाळू व जबडा यांपुरती संज्ञा ठेवणे अधिक योग्य वाटते, कारण दातांचे दुखणे समजून फसगत होते ती याच जागी. १९९७ मध्ये मुख्यतः एचआयव्हीबाधितांच्या तोंडात वर्णिलेला प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा बी-पेशींचाच. पण त्यात सीडी २० (बी-पेशींची ओळख पटवणारे प्रथिन) बहुधा दिसत नाही, सीडी १३८ (प्लाझ्मा पेशींचे तसेच प्रथिन) दिसते. एकट्या सीडी २० वर विसंबले तर निदान हुकते.

सोलापुरात विडी व यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत तंबाखू-मिश्रीची सवय जुनी. तोंडात जखम दिसली की तंबाखूचाच कर्करोग गृहीत धरला जातो; नुसती सूज असली की दाढेचे दुखणे. लिम्फोमात हिरडीवर मऊ, लालसर-जांभळट, बहुधा न दुखणारा फुगवटा येतो, दाढ हलते, कधी खालचा ओठ बधिर होतो. दाढ काढली, गोळ्यांचा कोर्स झाला, तरी खाच भरत नाही. उलट तिच्यातून मांस वर येते. असे मांस पुन्हा खरवडून टाकून देऊ नये, तपासणीला पाठवावे.

निदान तुकडा तपासणीनेच होते. तुकडा पुरेसा खोल घ्यावा, चिमट्याने चेंगरू नये, १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावा. त्याआधी स्टेरॉइड देणे टाळावे. गाठ तात्पुरती विरते आणि नमुन्यात काही सापडत नाही. पुढे प्रतिरक्षा-रंजन (सीडी २० सारखी प्रथिने रंगवून ओळखणे), एचआयव्ही चाचणी, पेट-सीटी (रोग कुठवर पसरला ते दाखवणारे स्कॅन). उपचार मुख्यतः केमोथेरपीचा.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची कर्करोग नोंदणी (१९८७) ही भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित नोंदणी. आंतरराष्ट्रीय संकेतांकांनुसार लिम्फोमा अवयवाखाली नव्हे, तर पेशीप्रकाराखाली नोंदला जातो. त्यामुळे ‘तोंडाचा कर्करोग’ या रकान्यात हा रोग येत नाही.