वायरिंगचा फॉल्ट (जुनी मोटारगाडी)

वायरिंगचा फॉल्ट : मोटारगाडीतल्या विजेच्या जाळ्यात करंट कुठेतरी अडतो, भलत्याच वाटेने जातो किंवा गाडी बंद असतानाही वाहत राहतो, आणि त्यातून जो बिघाड दिसतो त्याला गॅरेजमध्ये सरसकट हे नाव आहे. ही नोंद सेकंडहँड पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांमधल्या १२ व्होल्टच्या सर्किटपुरती आहे. फॉल्ट बहुतेक वेळा महागड्या पार्टमध्ये नसतो, तो जोडणीत असतो, म्हणजे गंजलेला बोल्ट, सैल झालेला कपलर (वायरी जोडायचं प्लास्टिकचं सॉकेट), कोणीतरी टेप गुंडाळून मारलेला जॉइंट. पार्ट बदलून बघायच्या आधी मीटर (व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारा मल्टिमीटर) लावावा हे म्हणूनच, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत याच्यावर कितीही जोर दिला तरी कमीच आहे.

नावं : स्टार्टर मोटरला आपल्याकडे अजून सेल्फ म्हणतात, तो सेल्फ-स्टार्टर या जोडशब्दाचा उरलेला अर्धा भाग. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, त्याआधी हँडल मारावं लागायचं. डायनॅमो हा शब्दही असाच टिकलाय. खरा डायनॅमो डीसी जनरेटर असतो आणि १९६० च्या दशकापासून त्याची जागा अल्टरनेटर (एसी वीज बनवून डायोडने ती डीसी करणारा जनरेटर) घेत गेला, पण अल्टरनेटर काढून आणला तरी लोक डायनॅमो उतरवला असंच म्हणतात. गाडी बंद असताना बॅटरी उतरत असेल तर ‘गाडी करंट खातीये’ असं म्हणायची पद्धत आहे, आणि पॅरासिटिक ड्रेन या पुस्तकी शब्दापेक्षा तीच जास्त नेमकी वाटते.

बॅटरी आणि चार्जिंग : गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावला आणि १२.६ व्होल्ट आले तर लेड-ॲसिड बॅटरी फुल, १२.२ च्या आसपास आले तर निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसावं. काही नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरचं व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो आणि बॅटरी भरलेली असली की मुद्दाम खाली आणतो, त्यामुळे तिथे १२.८ दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नये, हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघावं.

अर्थिंग : या नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. घरातलं अर्थिंग खरोखर जमिनीत जातं, गाडीचं जात नाही, गाडी रबरी टायरवर उभी असते. गाडीत अर्थ म्हणजे बॉडी. बॅटरीचा निगेटिव्ह एका जाड केबलने बॉडीला आणि इंजिनला जोडलेला असतो आणि प्रत्येक बल्ब, मोटर, सेन्सरचा करंट परत यायचा रस्ता पत्र्यातून (किंवा इंजिनच्या ब्लॉकमधून) असतो. यामुळे निम्म्या वायरी वाचतात, पण एका अर्थ बोल्टवर पाच-सहा सर्किटं अवलंबून राहतात. तो बोल्ट गंजला, किंवा डेंटिंग-पेंटिंग करताना त्याच्याखाली रंग गेला, की एकमेकांशी काही संबंध नसलेल्या गोष्टी एकदम बिघडायला लागतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा चढतो, वायपर लावले की म्युझिक सिस्टीम बंद पडते. करंटला नेहमीचा परतीचा रस्ता मिळाला नाही की तो शेजारच्या बल्बमधून उलटा फिरून रस्ता शोधतो, म्हणून असं होतं. ॲक्सिडेंटची गाडी रिपेअर करून विकायला काढलेली असेल तर हे लक्षण आवर्जून शोधावं.

बॉडीला निगेटिव्हच का जोडायचा, यावर जुन्या मोटारवाल्यांमध्ये बराच वाद आहे. ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये साधारण १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकापर्यंत पॉझिटिव्ह अर्थ असायचा. अमेरिकेत फोर्डच्या गाड्याही ६ व्होल्ट पॉझिटिव्ह अर्थवर होत्या, त्या १९५६ च्या मॉडेलपासून १२ व्होल्ट निगेटिव्ह अर्थवर आल्या. पॉझिटिव्ह अर्थचं एक कारण स्पार्क प्लगचं सांगितलं जातं. प्लगचा मधला इलेक्ट्रोड तापलेला असतो, तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून तो निगेटिव्ह असला तर ठिणगी कमी व्होल्टेजला पडते. हे भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण इग्निशन कॉइलच्या दोन वायरी आलटून-पालटून लावल्या तरी तेच साधतं, त्यासाठी अख्ख्या गाडीची पोलॅरिटी ठरवायची गरज नाही, तेव्हा हे कारण कमजोर वाटतं. दुसरं कारण गंजाचं. दोन धातूंच्या मध्ये ओल असेल आणि व्होल्टेज असेल तर पॉझिटिव्ह बाजू विरघळते, निगेटिव्ह वाचते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टचा पॉझिटिव्ह जमिनीला जोडतात तो यासाठीच, तारा वाचाव्यात म्हणून. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत त्याच न्यायाने वायरी वाचतील आणि झीज पत्र्यावर येईल, निगेटिव्ह अर्थमध्ये उलट. हे दुसरं कारण जास्त पटण्यासारखं आहे, निदान आज पावसाळ्यात गॅरेजमध्ये जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. निगेटिव्ह अर्थ सगळीकडे पसरण्यामागे मात्र गंजाचा संबंध फारसा दिसत नाही, अल्टरनेटरचे डायोड, ट्रान्झिस्टर रेडिओ आणि सगळ्या कंपन्यांना एकच पद्धत सोयीची होती हेच मुख्य कारण मानावं लागतं.

ही चर्चा फक्त व्हिंटेज गाड्यांच्या शौकिनांसाठी नाही. ओल्या कपलरमध्ये ज्या पिनला कायम बॅटरीचा सप्लाय असतो तीच पिन आधी हिरवी पडून झिजते, अर्थची पिन शेजारीच असून चांगली राहते. म्हणजे कपलर उघडला की आधी कुठे बघायचं हे कळतं. आणि पाणी शिरलेली गाडी काही दिवस उभी ठेवायची असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवावा, व्होल्टेज गेलं की ही झीज थांबते, साधा गंज तेवढा चालू राहतो.

व्होल्टेज ड्रॉप : मीटर बीपवर (वायर सलग असली की आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून वायर तपासायची सवय सगळ्यांना असते आणि चुकीच्या निदानाचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. जाड अर्थ केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असेल तरी मीटर बीप देतो. सेल्फ मारताना साधारण १५० अँपिअर ओढले जातात असं धरलं, तर जोडणीत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच जातो, आणि साध्या मीटरच्या नुसत्या प्रोबच्या वायरीच ०.२ ओहम दाखवतात, मग ०.०१ कसा दिसणार. त्यामुळे ओहम मोजायचाच नाही. सर्किट चालू ठेवायचं, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोस्टवर), दुसरा इंजिनच्या ब्लॉकवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्धा व्होल्ट गेला तर केबल किंवा बोल्ट खराब, मग सेल्फ कितीही कट-कट करत असला तरी सेल्फचा दोष नाही. हेच पॉझिटिव्ह बाजूलाही करायचं. हेडलाइट डिम असेल तरी हीच टेस्ट, कारण हॅलोजन बल्बचं व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड साधारण ३० टक्क्यांनी पडतो, आणि नवा बल्ब टाकूनही तो परत येत नाही. जुन्या गाडीत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमधून जात असेल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून जाड वायरीने सप्लाय दिला की रात्री कात्रजच्या जुन्या घाटात फरक लगेच कळतो.

करंट खाणं : घड्याळ, अलार्म, ईसीयूची मेमरी यासाठी बंद गाडीही थोडा करंट घेते, साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी होते, तेव्हा मालक महिनाभर परदेशात आणि गाडी सोसायटीत उभी असेल तर बॅटरी उतरणं हा फॉल्ट नाही. अर्धा अँपिअर जात असेल तर मात्र दीड दिवसात तीच गत होते. मोजताना घाई नडते, कारण गाडी लॉक केल्यावर सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला कधी २० मिनिटं तर कधी पाऊण तास लागतो, आणि एकेक फ्यूज काढून परत लावला की ते पुन्हा जागे होतात. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजावेत, जिथे रीडिंग दिसतं त्या सर्किटमधून करंट चाललाय. मीटर अँपिअरवर सिरीजमध्ये (बॅटरी आणि केबलच्या मध्ये) असताना सेल्फ कधीच मारू नये. सापडतं काय, तर बहुतेक बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, चिकटलेला रिले किंवा डिकीत पेटत राहिलेला दिवा.

पाणी आणि उंदीर : २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा पुण्यात कित्येक गाड्या वाहून गेल्या, कित्येक पाण्यात बुडाल्या. बुडालेली गाडी धुवून सुकवून चालू होते, फॉल्ट पुढे काही महिन्यांनी सुरू होतात, आणि तोवर गाडी विकली गेलेली असू शकते. घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, ती सहसा कोणी धुवत नाही. सीटच्या रेल्स, कार्पेटखालचा फोम, डॅशखालचा फ्यूजबॉक्स हेही बघावं.

उंदीर वायरी का कुरतडतात यावर दोन मतं आहेत. हल्लीच्या इन्सुलेशनमध्ये सोयाबीनसारखे वनस्पतीजन्य घटक असतात म्हणून, असं एक मत बरंच पसरलंय. दुसरं असं की उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि बॉनेटखाली ऊब मिळते म्हणून तो तिथे येतो. नव्या प्रकारचं इन्सुलेशन यायच्या आधीच्या गाड्यांच्या वायरीही उंदीर खात होतेच, त्यामुळे दुसरं मत जास्त धरून चालावं. कुरतडलेली वायर नुसती टेप लावून सोडू नये, सोल्डर किंवा क्रिंप (दाबून जोड) करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) घालावी.

स्कॅनर : हे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे नियम १ एप्रिल २०१० ला पुण्यासह १३ शहरांत आणि १ एप्रिल २०१७ ला देशभर लागू झाले. या गाड्यांना ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड कोडच्या रूपात नोंदवायची व्यवस्था), त्यातलं ओबीडी-१ २०१० पासून आणि ओबीडी-२ १ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्यामुळे मधल्या वर्षांतली गाडी मूळ कुठल्या शहरात नोंदवलेली होती यावरही स्कॅनरला ती किती माहिती देईल हे ठरू शकतं. स्कॅनरचा कोड सर्किट सांगतो, पार्ट सांगत नाही. पी०३४० आला म्हणजे कॅमशाफ्ट सेन्सर गेला असं नाही, त्या सेन्सरची वायर, कपलर, अर्थ यातलं काहीही असू शकतं. पी०५६२ म्हणजे सिस्टीम व्होल्टेज कमी, तो असेल तर बाकीचे कोड बाजूला ठेवून आधी बॅटरी आणि अर्थिंग बघावं. विकणाऱ्याने कोड पुसून आणले असतील तर रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच घेत असलेल्या चाचण्या) अपूर्ण दिसतात, आणि बऱ्याच गाड्या कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही सांगतात, ते विचारायला विसरू नये. मॉड्यूल एकमेकांशी बोलत नसतील तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजावा, कॅन बसच्या (मॉड्यूलना जोडणाऱ्या दोन वायरींच्या) दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात म्हणून ६० यायला हवेत, १२० आले तर एक टोक सुटलंय.

बाहेरून केलेली कामं : सीएनजी किटसाठी इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये किटचं हार्नेस (वायरींचा जुडगा) घातलेलं असतं, ते जॉइंट सैल झाले की गाडी मिसिंग करते (इंजिन अडखळतं) आणि सगळे कॉइल-प्लग बदलत बसतात. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नाही, म्हणून १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा लावलेला दिसला, किंवा फ्यूजला तांब्याची तार गुंडाळलेली दिसली, तर ते सर्किट आधी पूर्ण तपासावं. यातून गाड्या जळतात.

नेहमीचे फॉल्ट : ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो, म्हणजे स्पीड कमी करणारा रेझिस्टर जळलाय. हॉर्न, स्टिअरिंगवरची बटणं आणि एअरबॅगचा दिवा एकदम बिघडले तर स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत करंट नेणारी गुंडाळलेली पट्टी). मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा, डिकीचं लॉक अधूनमधून बंद पडत असेल तर डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी सोलून बघावी, उघडझाप होऊन आतली वायर तुटलेली असते, बाहेरून शाबूत दिसते. ड्रायव्हरच्या दाराचंही तेच.

पुण्यात : सुटे भाग नाना पेठेत मिळतात, जुने कपलर आणि रिले बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात मिळून जातात. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून याच शहरात आहे, आयटीआयमध्ये ऑटो इलेक्ट्रिकलचा ट्रेडही आहे, तरी पेठांमधले जुने इलेक्ट्रिशियन काम शिकले ते उस्तादाच्या हाताखालीच. त्यांचं हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प (वायरीला लावून पेटतो का बघायचा बल्ब), आणि लोड देऊन तपासायचं म्हणून ते खरं तर बीपपेक्षा चांगलं. पण ५ वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर ओढतो, तो ईसीयूच्या किंवा सेन्सरच्या वायरीला लावला तर आतलं सर्किट जाऊ शकतं, तिथे डिजिटल मीटरच लावायचा. पिवळ्या स्लीव्हच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्पही नाही आणि मीटरही नाही, बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांचा कपलर सोडवायचा नाही.