मोबाईलमधला कूलर अन खिडकीतला कूलर

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, डब्याच्या खोक्यात जपून ठेवा)

राजेहो, मोबाईलवरून कूलर, दिवे, मोटर चालवायची सिस्टिम आम्ही बसवून देतो, अन आमच्या दुकानात सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे, "काहून भाऊ, मोबाईलवर कूलर चालू दाखवते अन इथं तर पंखा फिरूनच नाही राहिला?" मे महिना, दुपारचे दोन, बाहेर ४५ डिग्री, अशा वेळी विचारणारा माणूस चिडलेलाच असतो अन त्याचं बरोबरही असते. पण याचं उत्तर फोनवर दोन मिनिटात देता येत नाही, म्हणून हा कागद.

तर मोबाईलवर जो कूलर दिसते तो कूलर नाहीच, तो कूलरचा सातबारा आहे. वावर वावराच्या जागी असते अन उताऱ्यावर दिसते ते शेवटची नोंद झाली तेव्हाचं, उताऱ्यावर कपाशी अन वावरात सोयाबीन उभं हे आपल्याइकडे कोणाला नवीन नाही. तुमच्या घरात आम्ही जो छोटा डबा बसवतो त्यात प्रत्येक उपकरणाचा असा एक उतारा सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला असतो, त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. ही काही आमची अक्कल नाही, नॉर्वेतल्या दोघांनी, डाल अन नायगार्ड यांनी, सिम्युला ६७ नावाच्या भाषेत ही पद्धत आणली, तीही खऱ्या जगातल्या गोष्टींची नक्कल कॉम्प्युटरवर चालवून पाहायसाठी. आम्ही तेच तुमच्या कूलरसोबत करतो.

या उताऱ्यात महत्त्वाचे रकाने दोनच, हुकूम अन खबर. तुम्ही बटण दाबलं की हुकूमच्या रकान्यात "चालू" लागते, पण खबरीच्या रकान्यात "बंद"च राहते, जोवर भिंतीतला स्विच स्वतः सांगत नाही की बावा झालो मी चालू. तेवढा वेळ बटण पिवळं दिसते. ग्राहक म्हणतात तुमचं अ‍ॅप स्लो आहे, दुसऱ्याचं तर दाबल्याबरोबर हिरवं होते. होईलच ना, ते उत्तराची वाटच पाहत नाही. १९७५ मध्ये एक्स-१० नावाची पद्धत आली होती, घरच्या वायरिंगमधूनच हुकूम पाठवायची, पण सुरुवातीच्या साध्या स्विचांकडून उलटं उत्तर यायची सोयच नव्हती, लागला तर लागला दिवा. आता उत्तर येते, तर ते ऐकूनच रंग बदलावा असं आमचं मत आहे, दोन सेकंद गेले तरी चालतील.

याच कारणानं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये "उलट कर" असा हुकूमच नाही, "चालू हो" अन "बंद हो" एवढेच आहेत. वायरलेसमध्ये हुकूम पोचते अन कधीकधी उत्तर मात्र वाटेत हरवते, मग डबा तोच हुकूम परत पाठवते. "चालू हो" दोनदा गेलं तर काही बिघडत नाही पण "उलट कर" दोनदा गेलं की लागलेला दिवा विझून जाते अन तुम्ही आम्हाला फोन करता.

तिसरा रंग राखाडी, म्हणजे "माहीत नाही". हा रंग पाहून लोक घाबरतात, आम्हाला मात्र सगळ्यात आवडणारा रंग तोच आहे. वायफायवाले आमचे स्विच डब्याशी एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीनं बोलतात, ती १९९९ ची आहे, तेलाच्या पाईपलाईनवर सॅटेलाईटमधून लक्ष ठेवायला बनवलेली, म्हणजे महाग अन कच्च्या लाईनसाठीच, आपल्या गावच्या रेंजला एकदम फिट. यात प्रत्येक स्विच जोडला जातानाच एक मृत्युपत्र ठेवून देते, की मी अचानक गप्प झालो तर सगळ्यांना हे सांगा. पण गप्प झाला हे कळायलाही वेळ लागते, स्विचनं दर ६० सेकंदाला हाक द्यायची असं ठरलं असेल तर दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट पाहून मगच तो गेला असं धरतात. आता वरचा फोन आठवा. घरात कोणी त्या स्विचचीच लाईन काढली तर दीड मिनिटापर्यंत मोबाईलवर कूलर चालूच दिसणार, त्यानंतर राखाडी. म्हणून प्रत्येक बटणाखाली बारीक अक्षरात "खबर ३ मिनिटांपूर्वीची" असं लिहिलेलं असते, ते वाचत जा, ते आम्ही शोभेसाठी नाही टाकलं.

आता कूलरचंच पुरं सांगतो कारण आमचं पहिलं सॉफ्टवेअर कूलरनंच फसवलं. सुरुवातीला आम्ही पुस्तकी पद्धतीनं या उताऱ्यांची वंशावळ बनवली होती, सगळ्यांचा आजा "उपकरण", त्याचा पोरगा "दिवा", दिव्याचा पोरगा "कमी-जास्त होणारा दिवा", दुसरीकडे "पंखा". छान चाललं होतं. उन्हाळा लागला, कूलर आला, अन हा कोणाचा पोरगा म्हणावा? पंखा आहे, त्याला स्पीड आहे, पाण्याची मोटर आहे, काहींना झुलणाऱ्या पट्ट्या आहेत. मग ती वंशावळ फाडून टाकली अन गुण धरले, "चालू-बंद होते", "स्पीड बदलते", "किती पाणी आहे ते सांगते". ज्या उपकरणात जे गुण असतील ते त्याच्या उताऱ्यावर लावायचे, बस. कूलर म्हणजे दोन चालू-बंद अन एक स्पीड, वरून एक मालक ऑब्जेक्ट जो क्रम सांभाळते, आधी मोटर, ताट्या ओल्या झाल्या की पंखा, बंद करताना आधी मोटर बंद अन पंखा थोडा वेळ फिरू द्यायचा म्हणजे ताट्या सुकतात, वास मारत नाही. हा क्रम आमच्या आईचा आहे, इंजिनीअरचा नाही. पावसाळ्यात नुसता पंखा पाहिजे तर मोटर त्या मालकाच्या यादीतून काढता येते, अ‍ॅपमध्ये "कोरडा" म्हणून बटण आहे ते तेच.

अन एक गोष्ट मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे होती पण जागा नाही. मोबाईलवर बंद दिसते म्हणून कूलरमध्ये हात घालू नका, पाणी भरू नका. आमच्या स्विचमधला रिले, म्हणजे लाईन जोडणारा-तोडणारा तुकडा, एकच तार तोडते, वायरिंग उलटी असली तर बंद कूलरच्या आतही करंट असू शकते. प्लग काढा, मग हात लावा.

लोक विचारतात इन्व्हर्टरवर डबा आहे तरी लाईट गेल्यावर गोठ्यातल्या टाकीचं पाणी मोजणारा सेन्सर राखाडी काहून होते, त्यात तर सेल आहे. आमचे सेन्सर झिगबी नावाच्या जवळच्या पल्ल्याच्या वायरलेसनं, २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, मातीची जाड भिंत अन टिनाचं शेड त्यांना झेपत नाही, म्हणून ते ओसरीतल्या आपल्या स्मार्ट प्लगच्या हातून निरोप पुढं पाठवतात. सेलवाले दुसऱ्याचा निरोप पोचवत नाहीत, झोपून राहतात, हे काम लाईनवरच्यांचंच. लाईट गेली की ओसरीतला प्लग मेला, वाटच तुटली, सेन्सर बिचारा जिवंतच आहे. अशा वेळी ऑब्जेक्टनं टाकीत शून्य पाणी दाखवणं चूक, त्यानं माहीत नाही म्हणावं. इलाज म्हणजे तो एक प्लगही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या.

वावरातल्या मोटरीसाठी तर वेगळाच विचार करावा लागला. तिथं झिगबी पोचत नाही, आम्ही ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला लांब पल्ल्याचा रेडिओ वापरतो, त्याला लायसन लागत नाही. पण खरी भानगड रेंजची नाही, वेळेची आहे. समजा तुम्ही रात्री दहाला घरून "चालू" दाबलं, थ्री फेज नव्हती, निरोप अडकला, तुम्ही झोपले. पहाटे लाईन आली अन तो अडकलेला हुकूम आता पोचला, अन भाऊ विहिरीत फुटव्हॉल्व्ह पाहायला उतरला आहे. म्हणून मोटरीच्या ऑब्जेक्टमध्ये "चालू" हुकमाला ३० सेकंदाची मुदत आहे, उशिरा पोचला तर मोटर तो फेकून देते. "बंद"ला मुदत नाही, तो कधीही पोचला तरी ऐकायचाच. एमक्यूटीटीत निरोप साठवून ठेवायची सोय असते, नवीन जोडला जाणाऱ्याला शेवटचा निरोप आपोआप मिळते, ती सोय आम्ही फक्त खबरीसाठी वापरतो, हुकमासाठी कधीच नाही, अन दुसऱ्या कोणाकडून सिस्टिम घेतली तरी हा प्रश्न त्याला नक्की विचारा.

लाईन परत आली की ऑटो स्विचवाल्या सगळ्या मोटरी एकदमच उठतात अन डीपीवर लोड येते, हे सांगायला नको. आमची मोटर उठत नाही. लाईन आल्यावर तिचा उतारा राखाडीपासून सुरू होते, तिन्ही फेज आहेत का पाहते, मागच्या वेळी बंद होऊन पुरेसा वेळ गेला का पाहते, अन तुम्ही वेळापत्रक लावलं असेल तरच, तेही प्रत्येकाची मोटर थोडी मागंपुढं, सुरू होते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मात्र काढू नका, सॉफ्टवेअर आहे म्हणून तो काढणारे आम्ही पाहिले आहेत.

बाकी फायदा असा की "टाकी भरली की मोटर बंद" हा नियम उताऱ्याशी बोलते, स्विचशी नाही. उद्या वेगळ्या कंपनीचा स्विच लावला तर फक्त त्याच्याशी बोलणारा तुकडा बदलायचा, नियम तोच राहते. काही कंपन्यांचे दिवे उजेड ० ते २५४ मध्ये मोजतात, सेन्सर ४३.५ डिग्रीला ४३५० म्हणून पाठवतात, ते भाषांतर त्या तुकड्यातच होऊन जाते, तुम्हाला टक्के अन डिग्रीच दिसतात. उपकरणाची ओळखही आम्ही त्याच्या कारखान्यातल्या लांब नंबरवर बांधतो, छोटा नंबर घरातलं नेटवर्क देते अन तो बदलू शकते, आधार नंबर अन सिमचा नंबर समजा.

फोन करायच्या आधी एवढं पाहून ठेवा, बटणाचा रंग कोणता, खाली खबर किती जुनी लिहिली, अन भिंतीवरच्या स्विचनं ते उपकरण चालते का. स्विच बदलायला आणाल तर मागचं स्टिकर खरवडू नका, लांब नंबर त्याच्यावरच असते.